मंचरहून आलेले डबे

माझी पत्नी नारायणगावात जेवणाचे डबे करायची. शाळेतल्या माझ्या तीन सहकाऱ्यांपासून सुरुवात झाली आणि पाच-सहा वर्षांत चाळीस डबे झाले.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. डबा विकतचा असला तरी लोक ही रीत पाळायचे. संध्याकाळी धुतलेले डबे परत यायचे तेव्हा एकात दोन लिंबं असायची, एकात मूठभर शेंगा; काहीच नसलं तर चिमूटभर साखर. ती आधी सगळी झाकणं उघडून बघायची आणि मगच चहा ठेवायची. जेवण कुणाला कसं लागलं, हे तिला त्यावरून कळायचं.

तिचं माहेर मंचरजवळ. वडील गेल्यावर भावांनी तिला दिवाळीला बोलावणं बंद केलं होतं. त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. पण एक दिवस म्हणाली, "मंचरला डबे धाडायचे. तिकडं माझ्या हातचं कुणीतरी खाल्लं पायजे." मंचर झालं की घोडेगाव, आणि श्रावणात भीमाशंकरच्या वाटेवर, असं सगळं तिनं ठरवून ठेवलं होतं.

"मग काय, देवालाही डबा लावणार?" मी म्हणालो.

"लावीन की. तुमी पोचवाल का पण?"

पंधरा डबे ठरले. सकाळच्या एसटीनं ते जायचे, मंचरच्या स्टँडवरचा एक दुकानदार घरोघर द्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत पाठवायचा. गाडीवर डबे चढवणं-उतरवणं माझ्याकडे होतं. पहिल्या आठवड्यात तिकडचेही डबे भरून आले. वाटाणे, गूळ, एकात हळदीकुंकवाची पुडी. ती पुडी तिनं देवघरात ठेवली.

मग परत येणाऱ्या एका डब्यातलं ताक गाडीत एका म्हाताऱ्याच्या धोतरावर सांडलं. कंडक्टर मला म्हणाला, "गुरुजी, डबे न्यायला आपली ना न्हाई. पण ही काय रुखवताची गाडी हाय व्हय? आज ताक सांडलं, उद्या कोंबडी धाडतील!" गाडीतले लोक हसले. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर बसून मी पंधरा चिठ्ठ्या लिहिल्या, 'डबा कृपया रिकामा पाठवावा', आणि एकेका झाकणाखाली ठेवल्या. हे मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती कंडक्टरशी भांडायला आली असती. आणि मला ती गोष्ट तशी किरकोळ वाटली.

त्या संध्याकाळी तिनं पंधरा झाकणं उघडली. म्हणाली, "आज काय झालं यांना?" दुसऱ्या दिवशी तिनं तिखट कमी केलं. पुढच्या दिवशी तेल बदललं. आठव्या दिवशी पहाटे उठून तिनं मासवड्या थापल्या. तीळ-खोबऱ्याचं सारण भरून एकसारख्या वड्या कापल्या आणि रश्श्यासाठी वेगळे कप्पे लावले. मी ते डबे गाडीवर चढवले. तेव्हाही चिठ्ठ्यांचं सांगितलं नाही.

संध्याकाळी डबे रिकामेच आले. ती मोरीपाशी बसून म्हणाली, "माझ्याच माणसांनी टाकलं मला." ती रडत होती. वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण आता बोललो तर हे रडणं माझ्यामुळे आहे असं होईल, म्हणून उद्या सांगू म्हटलं. उद्या ती शांत होती, म्हणून पुन्हा तो विषय नको वाटला. महिना भरताच तिनं मंचरचे डबे बंद केले. घोडेगावचं नाव पुन्हा काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "न्हाई जमलं."

दहा-बारा वर्षांनी ती आजारी पडली. मंचरच्या एक शिक्षिका तिला भेटायला आल्या. त्या पंधरा घरांतलं एक घर त्यांचं होतं. बोलता बोलता म्हणाल्या, "ताई, तुमची ती चिठ्ठी आली आणि आमच्या सासूबाई किती चिडल्या! म्हणाल्या, आपल्या गावच्या लेकीचं भांडं रिकामं कसं धाडायचं? पण तुमीच लिहिलेलं. मग काय करणार?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहत होतो.

"व्हय," ती त्यांना म्हणाली. "मीच लिव्हली व्हती. एसटीवाले कटकट करायचे."

त्या गेल्यावर मी तिच्या पलंगाशी जाऊन बसलो. तिनं विचारलं, "त्यांची सासू असं म्हनली व्हती, न्हाई का?"

"हो."

"गावची लेक म्हनली."

"हो," मी म्हणालो.

त्यानंतर ती दोन महिने होती. ती रागावेल म्हणून मी रोज वाट पाहिली. औषध देताना, उशी सरकवताना, शेजारची बाई उठून गेल्यावर. ती एकदाही रागावली नाही.