सांतियागोची भिंत आणि मेश्रामचा फोटो

स्लाइड बदलली तेव्हा माझ्या हातात अर्धं सँडविच होतं. पडद्यावर सांतियागोमधली ती भिंत आली. भिंतीवर ओळीने माणसांचे चेहरे रंगवलेले होते. ते आम्ही आधीही पाहिले होते. या वेळी ओळीच्या टोकाला एक चेहरा वाढला होता. एका बाईचा. मान थोडी डावीकडे झुकलेली, कानामागे ब्रश खोचलेला. डोळ्यांच्या जागा कोऱ्या होत्या.

शेजारी बसलेला प्रकाश मेश्राम पुढे वाकला. हळूच म्हणाला, "परांजपे, ही मार्ता आहे ना जी?"

मी सँडविच खाली ठेवलं. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता.

"लाइट लावा," आमचा बॉस रॉजर म्हणाला.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये आमचं ऑफिस होतं. ऐंशीच्या दशकाची पहिली वर्षं. कंपनी खाणीतलं पाणी उपसणारे मोठे पंप बनवायची. चिलीच्या तांब्याच्या खाणींना ते लागत. पंप बसवायला आमचे इंजिनियर आधी राजधानीत, सांतियागोला, उतरत आणि कागदपत्रं होईपर्यंत तिथेच राहत. माझं काम ट्रॅव्हल अँड सेफ्टीचं. जाणाऱ्या प्रत्येकाला मी दोन पानी सिटी ब्रीफ द्यायचो. ब्रीफ म्हणजे शहरात कसं वागावं याची टिपणं. टॅक्सी कुठून घ्यावी, कुठल्या टेकडीवरून शहर चांगलं दिसतं, कुठल्या वस्तीत जाऊ नये. तेव्हा तिथे लष्करी राजवट होती. सैनिकांचे फोटो काढू नका, राजकारण बोलू नका, पोस्टातली पत्रं उघडली जातात, हेही त्यात असायचं.

मी स्वतः सांतियागोला कधीच गेलो नाही. हे आज लिहायला विचित्र वाटतं. पण माझी एक पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता. जाणाऱ्या प्रत्येकाने ठरलेल्या जागी उभं राहून स्लाइड फिल्मवर फोटो काढायचे. सगळ्यांनी त्याच जागी. म्हणजे रस्त्यात काय बदललं ते मला खुर्चीत बसून कळे. परत आल्यावर शुक्रवारी लंचला सगळ्यांना स्लाइड शो. प्रत्येक स्लाइडच्या पुठ्ठ्यावर मी बारीक अक्षरात लिहायचो: जागा, वार, वेळ, फोटोत कोण. इतकी नीट लेबलं आख्ख्या कंपनीत कोणाची नव्हती.

मार्ता आमची दुभाषी होती. शाळेत चित्रकला शिकवायची आणि शनिवारी आमच्या लोकांना शहर दाखवायची. कॅथीड्रल, मासळीबाजार, टेकडी. माणूस बरा वाटला तर एक भिंतही दाखवायची. रेल्वेच्या जुन्या गोदामाची. तिच्यावरचे चेहरे म्हणजे घरातून उचलून नेलेली आणि परत न आलेली माणसं. ती आणि तिचे मित्र पहाटे संचारबंदी उठली की रंगवायचे.

मेश्राम नागपूरचा. मेकॅनिकल इंजिनियर, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. कॉलेजात असताना त्याने वस्तीतल्या भिंतींवर बाबासाहेब आणि बुद्ध रंगवले होते. सांतियागोहून परतला तो फुलून.

"परांजपे, ती भिंत पाहून मला आमची वस्ती आठवली. फरक एवढाच, आमच्या भिंतीवरचे लोक आम्हाला ठाऊक होते कुठे गेले ते."

"तू काही उद्योग तर नाही ना केलास?"

"तिने ब्रश दिला. मी मागचं आभाळ रंगवलं. निळं. दुसरा रंग आपल्याला येतो कुठे?" आणि हसला. मग म्हणाला, "एक गोष्ट आहे पण. ती लोकं डोळे सगळ्यात शेवटी काढतात. मी विचारलं का. तर म्हणे, डोळे काढले की भिंत बघायला लागते. मग सैनिक येतात चुना घेऊन."

त्याच्या रोलमध्ये मार्ताचा एक फोटो होता. एरवी रंगवताना ती तोंडाला रुमाल बांधायची. मेश्रामसाठी तिने तो खाली घेतला होता. सूर्य त्याच्या पाठीमागे होता, त्यामुळे त्याच्या डोक्याची सावली तिच्या उजव्या खांद्यावर पडली होती. ती हसत होती.

पुढच्या इंजिनियरने त्याच जागेवरून भिंतीचा फोटो आणला. भिंत पांढरी. त्याच्या नंतरच्याने आणला त्यात पांढऱ्यातून चेहरे वर येऊ लागले होते. चुना पावसाने धुपला असेल. पण अंधाऱ्या खोलीत लागोपाठ त्या स्लाइड्स पाहताना तसं वाटत नसे. पाण्याखालून कोणी हळूहळू वर येतंय असं वाटायचं. आमची सेक्रेटरी त्या दिवसापासून शुक्रवारी बाहेर जेवायला जाऊ लागली.

या दोन फोटोंच्या दरम्यान सांतियागोहून मला एक फोन आला होता. तिथली एक खाजगी सिक्युरिटी एजन्सी आमच्या लोकांसाठी गाड्या द्यायची. मालक निवृत्त लष्करी अधिकारी. फार अदबीने बोलायचा.

"तुमच्या माणसांच्या फिरण्याच्या रूटची एकदा पाहणी करावी म्हणतो. फोटो असले तर फार मदत होईल."

मी सगळ्या स्लाइड्सच्या कॉपी काढून घेतल्या. कॉपीच्या पुठ्ठ्यांवर लेबलं नव्हती. ती मी पुन्हा लिहून काढली, कोणी सांगितलेलं नसताना. मार्ताच्या स्लाइडवर लिहिलं: मार्ता, आमची गाइड, गोदामाची भिंत, शनिवारी सकाळी. कुरिअरने पाकीट गेलं. साधारण महिन्याभराने त्याचा पुन्हा फोन आला.

"रूट आता स्वच्छ आहे. त्या बाईची काळजी करू नका. दुसरी गाइड देतो."

"ती आजारी आहे का?"

"काळजी करू नका," तो पुन्हा म्हणाला. त्याच सुरात.

मी ब्रीफमध्ये "गाइड बदलली आहे" एवढी सुधारणा केली आणि घरी गेलो.

आता त्या शुक्रवारकडे येतो. लाइट लागल्यावर रॉजरने बाकीच्यांना बाहेर पाठवलं. आम्ही तिघेच उरलो.

"प्रकाश, त्या बाईशी तुझा नंतर काही संपर्क होता?"

"तिला तिच्या फोटोची प्रिंट पाठवली. थँक यू म्हणून. दोन ओळी लिहिल्या."

"पोस्टाने?"

"पोस्टाने."

रॉजरने डोळे मिटले. "तिथे पत्रं उघडतात, प्रकाश. भिंतीसमोर, हातात रंग, चेहरा उघडा. आणि पाकिटावर तिचाच पत्ता!" मग माझ्याकडे वळला. "ब्रीफमध्ये पत्रांचं लिहिलं आहे ना?"

"लिहिलं आहे," मी म्हणालो.

मेश्रामने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत तक्रार नव्हती. चूक पटलेल्या माणसाची नजर होती. "म्हणजे मीच..." असं म्हणून तो थांबला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एजन्सीच्या पाकिटाचं रॉजरला माहीत नव्हतं. अशी पाकिटं मी माझ्या अधिकारात पाठवत असे.

सगळे गेल्यावर मी दार लावलं आणि दुसरा प्रोजेक्टर आणला. एकावर मेश्रामने काढलेला मार्ताचा फोटो, दुसऱ्यावर भिंतीवरचा नवा चेहरा. दोन्ही एकाच पडद्यावर, एकमेकांवर. लेन्स पुढेमागे करत आकार जुळवला. मान जुळली. ब्रश जुळला. हसू जुळलं. भिंतीवरच्या चेहऱ्याला नसलेले डोळे फोटोतल्या मार्ताने भरून काढले आणि ती सरळ माझ्याकडे पाहू लागली. मग मला तिच्या उजव्या खांद्यावरचा काळा डाग दिसला. भिंतीवरही तो होता. रंगवणाऱ्याने मेश्रामच्या डोक्याची सावलीसुद्धा इमानदारीने रंगवली होती.

म्हणजे रंगवणाऱ्यासमोर हाच फोटो होता. मूळ स्लाइड माझ्याकडे होती. तिच्या जगात दोनच कॉपी होत्या. एक एजन्सीकडे. ती भिंत रंगवणाऱ्यांच्या हाती लागणं शक्य नव्हतं. दुसरी मेश्रामची प्रिंट. ती मार्ताच्या घरी नीट पोचली होती, आणि मार्ता नाहीशी झाल्यावर तिच्या माणसांनी त्या प्रिंटवरूनच तिचा चेहरा काढला होता.

पत्र वाटेत उघडून पुन्हा बंद केलं असेल, अशी समजूत मी स्वतःची कित्येक वर्षं घातली. पण तो फोन मी ऐकला होता. "रूट आता स्वच्छ आहे." पत्र उघडणाऱ्यांना आमच्या रूटशी काय देणंघेणं?

प्रोजेक्टर बंद केले. पडदा कोरा झाला. तरी त्याच्याकडे पाठ करून खोलीबाहेर जायचं धैर्य झालं नाही. मागे सरकत सरकत बाहेर पडलो.

मेश्रामच्या फाइलमध्ये शेरा गेला. त्याचे परदेश दौरे कायमचे बंद झाले. वर्षभरात त्याने नोकरी सोडली आणि छोट्या कंपनीत कमी पगारावर गेला. मार्ताचं पुढे काही कळलं नाही. कंपनीने रीतसर चौकशी केली ती त्याच एजन्सीमार्फत. उत्तर आलं, अशी कोणी व्यक्ती आमच्याकडे कामाला नव्हती.

मेश्रामची आणि माझी भेट होत राहिली. मंडळाचे कार्यक्रम, बुद्ध पौर्णिमा, मुलांचे वाढदिवस. कोणी त्याच्या हातात कॅमेरा दिला की तो दुसऱ्याकडे द्यायचा. "माझ्या हातचे फोटो चांगले येत नाहीत जी." लोक हसायचे. मीही हसायचो. त्याच्या नागपूरच्या मित्रांना तो सांगायचा, माझ्यामुळे एक बाई गेली. शेवटपर्यंत सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. मागच्या उन्हाळ्यात त्याची मुलगी सुजाता मला भेटायला आली. इथेच जन्मलेली, वकील आहे. तिने सरळ विचारलं.

"परांजपे काका, डॅड म्हणायचे की देअर वॉज अ वुमन इन चिली. व्हॉट डिड ही डू?"

मी सगळं सांगितलं. जवळजवळ तासभर लागला. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"सो इट वॉजन्ट हिज लेटर."

"नाही."

"अँड यू न्यू. ऑल दोज बर्थडे पार्टीज."

"हो."

ती उठून खिडकीशी गेली. मला वाटलं, ओरडेल. ती वळून शांतपणे म्हणाली, "राइट इट डाउन. मराठीत. माझे नागपूरचे काका लोक वाचतील असं. त्यांना अजून वाटतं, डॅडनी केलं." आणि चहा न घेता गेली.

म्हणून हे लिहिलं. प्रकाश मेश्रामने एका बाईचा फोटो काढला आणि तिला तो भेट पाठवला. एवढंच त्याने केलं. तिला पकडणाऱ्यांच्या हाती तिचं नाव, जागा आणि वार मी दिला.

धंद्यातलं एक सांगून थांबतो. मी जन्मभर सेफ्टीचे कागद लिहिले. त्या दोन पानांत आमच्या माणसाने तिथल्या लोकांपासून कसं जपावं याच्या सूचना होत्या. तिथल्या माणसांना आमच्यापासून कसं जपायचं, याची एकही ओळ नव्हती.