पिंपाच्या पाण्यातले लाल जंतू

लॅबोरेटरीचं काम शिकणाऱ्या मुलामुलींना मी एक गोष्ट चाळीसेक वर्षं सांगत आलो. ठाण्यातल्या एका लहान लॅबोरेटरीत मी नवखा असताना एका शिक्षकाच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. ते जंतू त्याच्या छातीतले नव्हतेच, स्लाइड धुवायच्या पाण्यातले होते, आणि हे मी ओळखलं, असं मी सांगत असे. मुलं ऐकताना पुढे सरकून बसत. माझ्या निवृत्तीच्या समारंभातही कुणीतरी ही गोष्ट सांगितली आणि टाळ्या पडल्या. गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. आमच्या व्यवसायातल्या जुन्या माणसांच्या आठवणी तो छापणार आहे, तेव्हा ‘ती पाण्याची गोष्ट’ मी स्वतः लिहून द्यावी. गोष्ट घडली हे खरं आहे. त्यात मी काय केलं, ते मात्र आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही.

इंटर सायन्सला मला डॉक्टरकीपुरते मार्क पडले नाहीत. मी डोंबिवलीला थोरल्या भावाकडे राहत होतो. चार महिने मी घरात तोंड पाडून बसलो, तेव्हा दादाच ओळखीने मला टेंभी नाक्याजवळच्या त्या लॅबोरेटरीत घेऊन गेला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. मालक डॉक्टर होते आणि त्यांच्या हाताखाली एक बाई काम करत. बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. कल्याणला नर्सिंग शिकून पुढे डॉक्टरांकडेच हे काम शिकलेल्या. डॉक्टर मला म्हणाले, “बाटल्या धुशील का?” मी हो म्हणालो. “मग दोन वर्षांत परीक्षेला बसवतो.”

तिसऱ्या दिवशी बाईंनी मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. पितळी नळीचा, एका डोळ्याने बघायचा मायक्रोस्कोप. खाली आरसा, आणि आरशात खिडकीतलं ऊन धरायचं. माझ्याच बोटाला सुई टोचून त्यांनी थेंब काचेवर ओढला, रंगवला आणि म्हणाल्या, “बघ, स्वतःला बघ.” मी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्यांनी माझा हात धरून स्क्रू केसभर फिरवला आणि एकदम सगळं उमटलं! गुलाबी चकत्याच चकत्या, आणि मधूनच जांभळ्या ठिपक्यांची एखादी गोल पेशी. मी ओरडलोच, “बाई, हे माझ्यात आहे?”

“नाही, शेजाऱ्यांचं आणलंय,” बाई म्हणाल्या. “आता शंभर मोज.”

त्या दिवशी मी डोंबिवलीला उतरून घरी अक्षरशः पळत गेलो आणि वहिनीच्या बोटाला सुई टोचायची परवानगी मागितली. ती म्हणाली, “भाऊजी, आधी हात धुऊन जेवायला बसा.” डॉक्टर न झाल्याचं दुःख त्या आठवड्यात गेलं ते परत आलं नाही. सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचायचो. साखर तपासताना परीक्षानळीतला निळा रंग तापून हिरवा, पिवळा, विटकरी होत जाई, ते बघायला मी श्वास रोखून उभा राहायचो. डॉक्टर हसायचे, “अरे, ती लघवी आहे, सूर्योदय नव्हे.” मला मात्र तो सूर्योदयच वाटे.

सगळ्यात जास्त ओढ मला क्षयाच्या जंतूंची होती. थुंकी काचेवर पसरायची, लाल रंग ओतून खालून वाफ येईतो तापवायचा, मग ऍसिडने धुवायचं. ऍसिडने बाकी सगळ्याचा लाल रंग उतरतो, क्षयाच्या जंतूचा उतरत नाही. शेवटी निळा रंग. निळ्या शेतात बारीक लाल काड्या दिसल्या की जंतू सापडले. दर पायरीला काच धुवायची ती डिस्टिल्ड पाण्याने. ते पाणी बाई स्वतः स्टोव्हवर काढत. गच्चीवरच्या पिंपातून रबरी नळीने खाली येणारं पाणी फक्त बाटल्यांसाठी. “नळीचं पाणी काचेला लावायचं नाही,” हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. का, ते मी विचारलं नव्हतं.

वर्षभराने बाईंनी मला एकट्याने स्लाइड रंगवायला दिल्या. त्या सकाळी तीन होत्या. दोन क्षयाच्याच जुन्या रुग्णांच्या आणि एक डोंबिवलीच्या शाळेतल्या तरुण शिक्षकाची. त्याचा खोकला बरेच दिवस हटत नव्हता आणि नोकरीत कायम होण्याआधी शाळेला तपासणीचा कागद हवा होता. मी लाल रंग तापवला, आणि बघतो तर डिस्टिल्ड पाण्याची बाटली रिकामी.

“तासभर थांब, काढते आहे,” बाई आतल्या खोलीतून म्हणाल्या.

पण खिडकीतलं ऊन बाराला सरकायचं आणि मग आरशात उजेड नाही. आज माझ्या हाताने रंगवलेली पहिली स्लाइड मला आजच बघायची होती. मी रबरी नळीचा चिमटा काढला आणि तिन्ही काचा धुतल्या.

शिक्षकाच्या स्लाइडवर लाल काड्या होत्या. एकदोन नव्हे, झुबकेच्या झुबके. मी खुर्चीवरून उठून दोनदा खोलीभर फिरलो. पुन्हा बसलो, पुन्हा दिसल्या. बाईंनीही डोळा लावून मान हलवली. डॉक्टरांनी “शाबास” म्हणून रिपोर्टवर सही केली. त्या कागदाने एका माणसाचं काय होणार आहे, हे त्या घटकेला माझ्या मनात आलं नाही. मला जंतू सापडले होते!

पाचव्या दिवशी तो शिक्षक जिना चढून आला. डॉक्टर बाहेर गेले होते. हातात मोठं पाकीट धरून तो दारातच उभा राहिला, आत येईना.

“या ना,” बाई म्हणाल्या.

“इथून बोलतो. शाळेने वर्गावर येऊ नका म्हटलंय. घरमालकांनी माझी तांब्याभांडी वेगळी ठेवायला सांगितलीत. पण ह्यात काही नाही म्हणतात.” पाकिटात छातीचा एक्स-रे होता. “तुम्ही एकदा पुन्हा बघाल का?”

बाईंनी त्याला आत आणून बसवलं आणि पेटीतून त्याची स्लाइड काढली. या खेपेला त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “इकडे ये. पेशींवर फोकस कर. आता जंतू कसे दिसतात?”

“पुसट.”

“जंतू स्पष्ट कर. आता पेशी?”

“पेशी पुसट.”

“म्हणजे जंतू पेशींच्या वर आहेत. थुंकीतले असते तर तिच्यातच दिसले असते. हे नंतर येऊन बसलेत.” मग अगदी हळू आवाजात, “काच कशाने धुतलीस?”

मी सांगितलं. त्यांनी कोरी काच घेतली, तिच्यावर नळीचं पाणी टाकून वाळवलं आणि रंगवलं. त्यांच्या पाठोपाठ मी डोळा लावला. थुंकीचा थेंब नसलेल्या काचेवर त्याच लाल काड्या! मी घाबरलो होतो, आणि तरी, आज लिहायलाही संकोच वाटतो, मला आनंद झाला होता. रबरी नळीत साचलेल्या पाण्यात निरुपद्रवी जंतू वाढतात आणि ते क्षयाच्या जंतूंसारखेच लाल राहतात, हे आमच्या पुस्तकात एका ओळीत होतं. ती ओळ बाईंनी माझ्या डोळ्यांसमोर जिवंत करून दाखवली होती.

“डॉक्टरांना तू सांग,” त्या म्हणाल्या. “सगळं सांग.”

डॉक्टर आले तशी मी झडप घालून सांगायला लागलो. फोकस, पेशी, कोरी काच. सांगता सांगता ‘बाईंनी’ हा शब्द कुठे गळाला ते मला कळलं नाही असं मी पुढे स्वतःला सांगत असे. कळलं होतं. डॉक्टरांचे डोळे चमकले. “तुला दिसलं हे? अरे, मोठे मोठे फसतात!” मग त्यांचा चेहरा बदलला. “पण पिंपाचं पाणी काचेवर आलं कसं? बाई, पाणी तुमच्याकडे असतं ना?”

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वेळ दिला. मी मायक्रोस्कोपवर टोपण घालत राहिलो.

“हो, माझ्याकडे असतं,” त्या म्हणाल्या. “पुन्हा होणार नाही.”

लागोपाठ तीन दिवस शिक्षकाची थुंकी तपासली, बाईंनी काढलेल्या पाण्याने. तिन्ही दिवस काही निघालं नाही. नवा रिपोर्ट मी स्वतः डोंबिवलीला पोचवला. त्याने वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. त्याच्या आईने मला चहा करून दिला. आता वेगळी भांडी नव्हती; तसल्याच कपांतून ती दोघंही प्यायली. पंधरा दिवसांनी तो कायम झाल्याचं पत्र दाखवायला लॅबोरेटरीत आला. हसत मला म्हणाला, “पण ही चूक पकडली कुणी हो?”

आतल्या खोलीत स्टोव्ह फरफरत होता. बाई पाणी काढत होत्या, आणि मधला पडदा बाजूला होता.

“मी,” मी म्हणालो.

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. पुढच्या महिन्यात बाई काम सोडून गेल्या. आईच्या आजारपणाचं कारण त्यांनी दिलं. डॉक्टरांनी माझ्यासाठी सरकारी इस्पितळाला शिफारसपत्र लिहिलं, त्यात या पाण्याच्या शोधाचा उल्लेख होता. माझी सगळी नोकरी त्या पत्रावर उभी राहिली. कल्याणला मी बाईंचं घर एकदा शोधलं. ते लोक दुसरीकडे राहायला गेले असं शेजाऱ्यांनी सांगितलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

तेव्हा विद्यार्थ्याला विनंती, छापायचं तर असं छापावं: पिंपाचं पाणी मी वापरलं. चूक बाईंनी ओळखली, कोरी काच त्यांनी रंगवली, आणि दोष माझा असताना तो त्यांनी आपल्या अंगावर घेतला. माझं नाव वर घातलं नाही तरी चालेल.