कानात सांगितलेली विनंती

गावाकडे भगताशिवाय देवाला काही सांगता येत नसे. सुरतेला आलो तर इथे मुकादमाशिवाय शेठशी बोलता येईना. म्हणून शेजारच्या नवापूरकडच्या बाईने येशूची प्रार्थना शिकवली, तेव्हा मला पहिली गोष्ट हीच आवडली, की मधे कोणी माणूस नाही.

"शेवटी येशूच्या नावाने म्हणायचं," ती म्हणाली. "तो देवबापाजवळ बसलेला आहे. आपल्यासाठी तोच बोलतो."

"मला नीट बोलता आलं नाही तर?"

"बोबडं बोल गं. त्याला कळतं."

साड्यांना टिकल्या चिकटवताना मी मनातल्या मनात बोलायची. कोणाला ऐकू जात नव्हतं. माझ्यासारख्या लाजाळू बाईला दुसरं काय पाहिजे?

पण दुखणं हटेना. धाकटीच्या बाळंतपणापासून माझं अंग बाहेर येत होतं. पाण्याची कळशी उचलली की जीव जायचा. दवाखान्यात पुरुष डॉक्टर, म्हणून गेले नाही. शेवटी शेजारीणच म्हणाली, कडोदऱ्याच्या सभेत जे भाऊ प्रार्थना घेतात त्यांना विनंती दे, त्यांची प्रार्थना लागू पडते.

तिथली रीत अशी, की बायकांनी एकेक करून पुढे जायचं आणि भाऊंच्या कानात विनंती सांगायची. भगतालाही आम्ही कानातच सांगत असू. ते त्याच्यापाशी राहायचं. मला वाटलं, इथेही तसंच असेल.

भाऊंनी कान पुढे केला. तोंडाला गुटख्याचा वास, कानात केस. मी डोळे मिटून कसंबसं सांगितलं. त्यांनी घामेजलेला हात माझ्या डोक्यावर दाबला आणि माईक उचलला.

"हे प्रभू, या बहिणीचं अंग बाहेर येतं! तिला नवऱ्याजवळ जाता येत नाही!"

नवऱ्याचं मी सांगितलंच नव्हतं. ते त्याने आपल्या मनाने जोडलं, आणि चवीने जोडलं. समोर पुरुषांच्या बाजूला माझा नवरा कारखान्यातल्या माणसांत बसला होता. सगळे ओरडले, "आमेन!" कोणीतरी हसू दाबत खाकरलं.

घरी आल्यावर नवरा एवढंच बोलला, "तू त्याले काय सांगेल व्हतं?" मी मोरीत गेले. डोकं धुतलं. परत धुतलं.

पुढच्या रविवारी मी सभेला गेले नाही, तर तो माईकवाला माणूस चाळीत आला. शेजारणीकडे बसून बशीतला चहा फुरके मारत प्यायला. मला बोलावून घेतलं.

"बेन, सभा सोडली की विनंती अर्ध्यात अडकते. तुझं म्हणणं मी वर नेतो ना."

मी दाराआडून म्हटलं, "वर नेणारा तर येशू आहे ना, भाऊ?"

"आहेच. पण येशूपर्यंत कोण नेणार?" असं म्हणून तो हसला. दातांना लाल थर. भगताला सोडून मी दुसऱ्या भगताच्या दारी आले होते.

घरात जाऊन कडी लावली. प्रार्थना करायला गेले तर त्याचाच आवाज कानात. येशूचं नाव ओठांवर येईना, कारण तेच नाव त्या तोंडाने त्याच माईकमध्ये घेतलं होतं.

मग मी पहिल्यांदा तोंडाने बोलले, आमच्या घरच्या अहिराणीत. दुखणं नंतर सांगितलं. आधी येशूला सांगितलं, की नवऱ्याजवळ जाण्याचं ते माझं म्हणणं नव्हतं. ते माझं म्हणून बापापुढे नेऊ नकोस.