रमाकांतांची भीतीची बैठक

रमाकांत गोगटे परळच्या ऑफिसात पहिल्यांदा आले, तेव्हा स्वप्नीलला वाटलं, भूकंप झाला. रमाकांत नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणाले होते. काचेच्या भिंती थरथरल्या, दोघांच्या हातांतला चहा सांडला, आणि मरायचं की जगायचं या विचारात कित्येक महिने उभं असलेलं कुंडीतलं झाड एकदाचं आडवं झालं. हा माणूस फणसवाडीतल्या घरी शिंकला, तर पार हिंदमाताच्या दुकानांत साड्यांच्या घड्या विस्कटत असणार. आणि कंपनीने त्यांना आणलं होतं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमचा ताण कमी करायला.

सगळ्यांनी डोळे मिटून श्वास घ्यायची तयारी ठेवली होती. रमाकांतांनी तसलं काही केलं नाही. सकाळच्या बैठकीत काय काम झालं ते कुणी सांगायचं नाही, कशाची भीती वाटते ते सांगायचं, एवढंच फर्मान काढलं. शिवाय 'होऊन जाईल' म्हणायला बंदी. जो म्हणेल, त्याने सगळ्यांना वडे आणायचे.

खालच्या वडेवाल्याने दुसरी कढई घेतली, ती मुख्यतः स्वप्नीलच्या जिवावर. टीमचा प्रमुख तो. लालबागच्या गणपतचा मुलगा. गणपतने गिरणीत कधी साहेबाला नाही म्हटलं नव्हतं, आणि घरात तेच वळण पडलं होतं.

टीम एका हॉस्पिटलसाठी ॲप बनवत होती. तपासणीचे रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर जाणार होते, शुक्रवारपासून. बुधवारी स्वप्नीलने चाचणी म्हणून घरच्यांचीच नावं आणि रिपोर्ट भरले. गणपतची साखर सुभद्रेच्या, म्हणजे आईच्या रिपोर्टमध्ये दिसत होती. एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस, असं धरून सगळं बांधलेलं. लालबागच्या खोलीत एक नंबर म्हणजे बाबा, आई, आत्या आणि वेळप्रसंगी शेजारचा कुशाबा. हे ज्याला जन्मापासून ठाऊक, त्यानेच ते बांधलं होतं.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारची तारीख त्याच्या वरिष्ठ सीमा मॅडमनी त्याच्याच शब्दावर हॉस्पिटलला दिली होती, आणि ती चुकली तर टीम दुसऱ्याकडे जाईल, हेही सांगून ठेवलं होतं. पण औषधाच्या गोळ्या रिपोर्ट बघून दिल्या जातात.

गुरुवारी सकाळी आपल्याला कसलीच भीती नाही, असं त्याने सांगितलं. रमाकांतांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"स्वप्नील, काल वडे तू आणलेस. खाल्ले नाहीस."

"पोट बिघडलंय, सर."

"बरं," रमाकांत तेवढ्याच हळू म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले. हे फार भयंकर होतं.

दुपारी हॉस्पिटलचे डॉक्टर कॉलवर आले. सीमा मॅडमनी विचारलं, उद्या नक्की ना? स्वप्नीलच्या जिभेवर 'होऊन' येऊन बसलं. शेजारी टीममधली नूपुर टेबलाकडे बघत होती. तिचं काम रात्री त्याने दोनदा तपासलं होतं आणि का ते सांगितलं नव्हतं. रमाकांतांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

"उद्या होणार नाही, मॅडम," स्वप्नील म्हणाला. "एका नंबरावर चार माणसं असली तर रिपोर्ट अदलाबदल होतात. माझ्या आईला बाबांची साखर लागली."

मॅडमचा चेहरा स्क्रीनवर इतका स्थिर राहिला, की नेट गेलं असंच वाटावं. मग डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे निम्मी घरं एकाच नंबरावर येतात. किती वेळ हवा?"

स्वप्नीलने नूपुरकडे पाहिलं. तिने जरा हिशेब केला आणि आठवडा मागितला. तो मिळाला.

पुढच्या शुक्रवारी ॲप भरदुपारी सुरू झालं. तक्रारीचा एकही फोन आला नाही. स्वप्नील उजेडात घरी पोचला, तर सुभद्रा दारातच घाबरली. "नोकरी गेली काय रे?" तिने विचारलं.

त्याची नोकरी राहिली. महिनाअखेर कंपनीने पाहणी केली, त्यात या टीममध्ये ताण आढळला नाही, म्हणून रमाकांतांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही.