खुर्ची मिळाली आणि पंगत सुटली

भाईंदर पूर्वेला एका पेनांच्या गाळ्यात मी बरीच वर्षं काम केलं. पेनात रिफिल घालायची, कागदावर गिरगटून बघायची, टोपण लावायचं आणि टाकायचं खोक्यात. बायकांच्या पर्समध्ये नुकते कुठे मोबाइल यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. आमचे हे जाऊन दोनेक वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. सिल्व्हर पार्कातल्या घरी आलं की कुलूप मीच काढायचं, दिवा मीच लावायचा. खोटं कशाला बोलू, पगाराइतकाच मला त्या गाळ्यातल्या जेवणाच्या सुट्टीचा आधार होता.

जेवायला आम्ही खाली गोल बसायचो. प्रत्येकीनं आपली भाजी डब्याच्या झाकणात काढून मधोमध ठेवायची, मग जिला जे हवं ते तिनं घ्यावं. पोटापेक्षा तोंडच जास्त चालायचं. सासवा, नवरे, आणि सगळ्यांत जास्त आमचा सुपरवायझर. दाराजवळ बसेल तिनं लक्ष ठेवायचं. तो येताना दिसला की झाकणावर चमचा वाजवायचा, टण् टण्. की आम्ही सगळ्या लगेच भाजीतल्या मिठावर! तो बिचारा म्हणायचा, "क्या बात है, रोज नमक का ही झगडा?"

तो एकदा गावी गेला तो परत आलाच नाही. शेठनं मला बोलावलं. "बेन, तुम्ही जुन्या. उद्यापासून तुम्हीच बघा सगळं." मी चौथी शिकलेली बाई, आणि मला टेबल-खुर्ची! पीसीओवरून मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं आई, मॅडम झालीस की!"

दुसऱ्या दिवशी मुद्दाम काळ्या वाटाण्याची उसळ करून नेली. सकाळभर खुर्चीत अवघडून बसले. सुट्टी झाली तशी डबा घेऊन निघाले, आणि कानावर आलं, टण् टण्.

मी मागे वळून बघितलं हो, कोण येतंय ते. मागे कुणीच नव्हतं.

बायकांनी सरकून जागा दिली. एक म्हणाली, "या मॅडम, खुर्ची आणू का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. उसळ सगळ्यांनी घेतली. मग जी ती खाली डब्यात बघून जेवू लागली. शेवटी एकीनं दुसरीला विचारलं, "मीठ बरोबर आहे ना गं आज?"

"हो, बरोबर आहे."

आठवडाभर असंच चाललं. शेवटी ठरवलं, शेठला सांगायचं, मला नको ही खुर्ची, माझी खालची जागा द्या. आधी ते माझ्या शेजारणीला सांगितलं. ही भाईंदरच्याच खारी गावातली, इतकी वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली. तिनं मला नळाजवळ ओढलं.

"येडी झालीस काय? तू सोडलीस त परत कुनी वरडणारा आनून बसवल शेठ. तू हायस तं बरा हाय आमाला. खुर्ची सोडू नको. पन बाय, जेवाला आमच्यात बसू नको."

"का गं? मी काय केलं?"

"काय न्हाय केलास. दिसभर तुझा ऐकाचा, मंग घटकाभर तुझ्या नावानी बोटा मोडाची बी न्हाय? तू समोर बसलीस तं कशी मोडाची, सांग."

मला रडू यावं की हसू, कळेना. पण बोलली ते खरंच होतं. आम्ही तरी दुसरं काय करत होतो?

तेव्हापासून मी टेबलावरच जेवले. एकटीच्या जेवणाला वेळ तो किती लागणार? डबा धुऊन फाटकाशी जाऊन उभी राहायची. आतून हसणं ऐकू यायचं. कुणीतरी माझी नक्कल करत असणार. सुट्टी संपली तरी मी जरा रेंगाळायची, आणि परत जाताना पॅसेजमधूनच खाकरायची.

गावी आमचे मामंजी असेच अंगणातून खाकरत यायचे, आम्ही सुनांनी पदर सावरावा म्हणून. त्यांच्या त्या खाकरण्याला आम्ही किती हसायचो! आमचं हसणं थांबेपर्यंत ते बाहेर एकटेच उभे राहत असतील, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.