भाजी कोण ठरवणार?

अन्याय माझ्यावर झाला. या उन्हाळ्यात, बिबड्यांची आमची पाळी होती त्या दिवशी, सकाळी सात वाजता, जळगावात, आमच्याच गच्चीवर.

आमच्या गल्लीत ज्वारीचे बिबडे, म्हणजे वर्षभराचे वाळवणीचे पापड, एकटीने कोणी करत नाही. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. सगळ्या बाया पहाटेच येतात, भिजवलेल्या ज्वारीचा घट्ट घाटा शिजतो, ओल्या कापडावर थापणं सुरू होतं. त्या दिवशी भाऊ मैदानावरचा पळण्याचा सराव संपवून आला, घामाने निथळत, आणि वाटीत गरम घाटा घेऊन त्यावर तेल ओतून उभ्याउभ्या खायला लागला. समोरच्या अक्का मला म्हणाल्या, "तुना भाऊ देख, पोरी! एक दिन चुकस नही. तुनामा जिद्दच नही शे." सगळ्या हसल्या. प्लास्टरमधला हात सांभाळत बसलेली आईसुद्धा.

भाऊ आणि मी दोघंही पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे मैदानावर अंधार असायचा, मुली यायला घाबरायच्या. तिथे दिवे लागावेत म्हणून पत्रकं मी लिहिली, बसस्टँडवर उभं राहून मी वाटली. दिवे लागले. त्या उजेडात भाऊ रोज पळतो आणि मी आठवड्यातून कशीबशी दोनदा.

आई मोरीत घसरली, उजवा हात मोडला, आणि घर माझ्याकडे आलं. ते कोणी दिलं नाही. नुसते प्रश्न माझ्याकडे यायला लागले. भाजी काय? ज्वारी कधी भिजवायची? तिचं पाणी बदललं का? नानांचा, आमच्या वडिलांचा, उपास आज की उद्या? भाऊ आळशी नाही, हे लिहायलाच हवं. पाणी भरतो, झाडू मारतो, गच्चीवर घमेली चढवतो. फक्त म्हणतो, "ताई, तू सांग, मी करतो."

सांगायचं मी. पहाटे तो डोळे अर्धे मिटलेले असतानाच बूट घालतो आणि निघतो. मीही तेव्हाच उठते, पण खाटेच्या कडेला बसून राहते. डाळ, दूध, डबा असं सगळं डोक्यात एकेक करून निस्तरेपर्यंत शेवटी उरतं ते जायचं की नाही. दिवसभर सगळ्यांना उत्तरं देणारी मी स्वतःला सगळ्यात स्वस्त उत्तर देते: आज राहू दे. पळताना पुढे त्याची पाठ दिसली की जळफळाट होतो. त्याच्या पायांचं मला काही नाही, माझेही बरे आहेत. मला त्याचं ते रिकामं डोकं हवंय.

अक्कांच्या टोमण्यानंतर मी भावाला सांगितलं, आठवडाभर भाजी तुझी. "हात्तिच्या! एवढंच?" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर आणि तो बाजारात. फोन वाजला.

"ताई, वांगी घेऊ का गिलकी?"

"घे काहीही."

"मग वांगी. भरिताची का साधी?"

मी पळायची थांबले होते.

त्यानंतर फोन घरीच ठेवला. त्याने गिलकी आणली. दुसऱ्या दिवशी गिलकी. तिसऱ्या दिवशी नानांनी ताटात पाहिलं, मग माझ्याकडे. "पुन्हा गिलकी?"

"त्याला विचारा," मी म्हटलं आणि घास घेतला.

भाऊ खरंच गोंधळला होता. "काल काय केलं होतं तेही लक्षात ठेवायचं असतं?"

"हो."

"रोज?"

"रोज, भाऊ."

पुढच्या पहाटे तो एक बूट हातात घेऊन भिंतीकडे बघत बसला होता. "तू हो पुढे," म्हणाला. आला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. किती दिवसांनी मी पळताना फक्त श्वास ऐकत होते.

आणि त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "त्याचं भरतीचं ग्राउंड जवळ आलंय, पळायची परीक्षा आहे, त्याच्या डोक्याला ताप नको देऊ. भाजीचं तूच बघ."

"आणि माझं ग्राउंड?"

"तुला जमतं गं सगळं."

आमची दोघांची भरती एकच. दोघांना जागा हवी आहे. एका डोक्याला जपायचं आणि दुसऱ्याला 'जमतं' म्हणायचं, आणि वर जिद्द कोणात आहे हे गच्चीवर सांगायचं! मी आईला नाही म्हटलं. भाजी भावाकडेच राहिली. घरात दोन दिवस अबोला होता. मी दोन्ही दिवस पळून आले. तो अजून माझ्यापुढेच असतो, आणि मी अजून जळते.

आता तुम्ही. तुमच्या घरात कोणाचं चालणं, वाचणं, औषधाची गोळी घेणं सुटलंय? तिला जिद्द शिकवू नका. तिच्याकडचं एक काम आजच घ्या, ठरवण्यासकट घ्या, आणि तिला फोन करू नका. चुकलात तर चुकलेलं मुकाट्याने खा.