वैशालीच्या नावापुढचं ‘डॉक्टर’

मंडळी, दुपारपासून कामात मन लागून नाही राहिलं, म्हणून लिहून राहिली.

मी सौंसरला घरूनच इंटरनेटवरच्या सर्चचे निकाल तपासते. कोणतं पान भरवशाचं, ते ठरवायचं. आमच्या नियमांत साफ लिहिलं आहे, आजारावरचं पान असलं तर लिहिणारा कोण ते आधी पाहा.

आज शुगरच्या गोळ्या सोडायला सांगणारं पान आलं. त्यावर डॉक्टर म्हणून फोटो होता पांढुर्ण्याच्या माझ्या मैत्रिणीचा, बीकॉम झालेल्या वैशालीचा! तिलाही हे काम मिळावं म्हणून मीच तिला सगळे नियम शिकवले होते.

खाली एका मुलीनं लिहिलं होतं, "थँक्यू मॅडम, आईची गोळी बंद केली."

मी लगेच वैशालीला फोन लावला.

वैशाली हसली. "अवं, लिहिणारा कोण ते पाहतेत, हे तूच तं सांगतलं. म्हणून डॉक्टर लिहिलं. पास करून दे न!"

"कोणाची आई मरन, वैशू!"

"मैत्रीण आहेस का पोलीस?" तिनं फोन कापला.

पानाला मी सगळ्यात खालचा दर्जा दिला. त्या मुलीला तिथंच खाली लिहिलं, "या डॉक्टर नाहीत. आईला आजच दवाखान्यात ने."

अजून त्या मुलीचं उत्तर नाही. तुम्ही असते तर वैशालीला पुन्हा फोन केला असता का?